बाभुळगाव ते यवतमाळ, एकट्याने

बाभुळगावच्या बसस्थानकावर यवतमाळची एसटी पकडायची, तिकीट काढायचे, यवतमाळला उतरून ठरलेले एक काम करायचे आणि परत यायचे. कॉलेजात जाणाऱ्या तालुक्यातल्या कोणत्याही मुलासाठी यात सांगण्यासारखे काही नाही. पण समजा, मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि पुढच्या वर्षी त्याची विशेष शाळा संपणार आहे. आजवर तो शाळेच्या गाडीने गेला, नाहीतर वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून. त्याला अक्षरे ओळखता येतात, शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात, २६ जानेवारीला स्टेजवर नाचताही येते. पण ‘तू यवतमाळला एकटा जाऊन येशील का?’ हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारलेला नाही.

शाळा सुटल्यावर मात्र आयुष्य त्याला नेमका हाच प्रश्न विचारणार असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६० हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. शाळेत असेपर्यंत शिक्षक असतात, मित्र असतात, सकाळी उठून तयार होण्याचे कारण असते. अठरा पूर्ण झाले की यातले बरेचसे एकाच उन्हाळ्यात संपते. मुलगा घरी बसतो. टीव्ही, मोबाईल, झोप. वजन वाढते, चिडचिड वाढते आणि वर्षभरात ‘शाळेत शिकलेलं सगळं विसरला’ अशी तक्रार ऐकू येते. शिकलेले वापरायला जागाच उरली नाही, तर दुसरे काय होणार?

अमेरिकेतील कायद्यानुसार दिव्यांग विद्यार्थी १६ वर्षांचा होण्याआधी शाळेला लेखी आराखडा करावा लागतो: शिक्षणानंतर तो कुठे राहील, काय काम करेल, त्यासाठी आतापासून काय शिकवायचे. आणि ही चर्चा विद्यार्थ्याला समोर बसवून करायची असते. आपल्याकडे व्यावसायिक प्रशिक्षणाची तरतूद कायद्यात आहे, पण प्रत्येक विद्यार्थ्याचा असा आराखडा करण्याचे बंधन शाळेवर नाही. त्यामुळे ते काम घरावर येते. आणि घरात हा विषय बहुतेक वेळा एकाच वाक्यात निघतो आणि तिथेच थांबतो: ‘आमच्या मागं याचं कसं होईल?’

उत्तर शोधण्याआधी ‘स्वावलंबन’ या शब्दाशी थोडे भांडावे लागते. स्वावलंबी म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणारा, हा आपला समज. या हिशेबाने एड रॉबर्ट्स कधीच स्वावलंबी ठरले नसते. वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओ झाल्याने या अमेरिकन मुलाचे हातपाय लुळे पडले. श्वासासाठी त्यांना रात्री यंत्रात झोपावे लागे. काम करण्यास अक्षम ठरवून सरकारी पुनर्वसन खात्याने त्यांना मदत नाकारली होती. ते बर्कलेच्या विद्यापीठात शिकले, १९७२ मध्ये तिथे स्वतंत्र जीवन केंद्र सुरू होण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९७५ मध्ये ते त्याच पुनर्वसन खात्याचे प्रमुख झाले. कपडे घालायला त्यांना शेवटपर्यंत मदतनीस लागला. पण कोणते कपडे घालायचे, कुठे जायचे आणि मदतनीस कोण असावा, हे ते ठरवत. कोणाची मदत किती घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवणे, हा या चळवळीचा गाभा. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील १९ वे कलम स्वतंत्रपणे आणि समाजात राहण्याच्या हक्काचे आहे. भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला.

पुन्हा एसटीकडे येऊ. हा प्रवास शिकवायचा कसा?

विशेष शिक्षणात ‘कामाची फोड’ नावाची जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. ‘एसटीने जाणे’ हे एक काम नाही. ती वीस-पंचवीस कामांची माळ आहे. घरून निघताना खिशात पैसे, ओळखपत्र आणि मोबाईल आहे का ते पाहणे. स्थानकावर योग्य जागी उभे राहणे. पाटी ओळखणे, वाचता येत नसेल तर ‘यवतमाळ’ या शब्दाचा आकार ओळखणे किंवा वाहकाला विचारणे. आधी उतरणाऱ्यांना उतरू देणे. जागा धरणे. सवलतीचे कार्ड दाखवणे (एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे). तिकीट जपून ठेवणे. शेवटच्या थांब्यावर उतरणे. यातल्या प्रत्येक पायरीपुढे मुलाला आज ती जमते का, याची खूण करायची. बहुतेक पालकांना हा कागद भरताना धक्का बसतो, कारण निम्म्याहून अधिक पायऱ्या मुलाला आधीच येत असतात.

राहिलेल्या शिकवताना क्रम उलटा धरता येतो. शेवटची पायरी आधी. पहिल्या दिवशी आई मुलासोबत जाऊन-येऊन सगळा प्रवास करते, पण परतल्यावर बाभुळगावच्या स्थानकापासून घरापर्यंत तो एकटा चालत येतो. ते जमले की एसटीतून उतरणे त्याचे त्याने. मग तिकीट. मग यवतमाळच्या स्थानकावर परतीची गाडी शोधणे. या पद्धतीत प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हातून, यशाने होतो. अर्ध्यात अडकून ‘राहू दे, मी करते’ ऐकावे लागत नाही. पुढे सोबत करणारा माणूस तीन सीट मागे बसतो, नंतर एसटीच्या मागून मोटारसायकलवर येतो, शेवटी फक्त पोहोचल्याचा फोन.

हे फार साधे वाटते. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने ज्यांना ‘शिकवून उपयोग नाही’ म्हणून बाजूला ठेवले होते, अशा मध्यम आणि तीव्र बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना याच तत्त्वाने १५ भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. त्यांचे म्हणणे असे की शिकणारा अडला, तर चूक शिकवण्याच्या रीतीत शोधावी आणि दुसरी रीत करून पाहावी.

शिकवताना सर्वांत अवघड गोष्ट असते गप्प बसणे. मुलगा थांबला की आपण लगेच बोलतो: ‘आता पैसे दे.’ मग त्याच्यासाठी ‘आता पैसे दे’ हीच एक पायरी होऊन बसते आणि ती म्हणायला कोणी नसेल तर हात खिशाकडे जातच नाही. म्हणून आधी काही सेकंद वाट पाहायची. मग नजरेने किंवा बोटाने खूण. अगदीच अडले तर शब्द. तोंडी सूचनेची सवय लवकर लागते आणि फार उशिरा सुटते. खिशातले चित्रांचे कार्ड त्यापेक्षा बरे, कारण ते त्याचे तो पाहू शकतो.

दुसरी अडचण अशी की वर्गात शिकलेले बाहेर आपोआप येत नाही. प्लॅस्टिकच्या नाण्यांनी शंभराचा हिशेब करणारा मुलगा किराणा दुकानात गोंधळतो. तिथे मागून धक्का देणारे गिऱ्हाईक असते, फाटकी नोट असते आणि ‘चिल्लर नाही, चॉकलेट घे’ म्हणणारा दुकानदार असतो. म्हणून दुकानाचे शिकणे दुकानातच. बेरीज-वजाबाकी पक्की नसली तरी चालते: सांगितलेल्या रकमेपेक्षा पुढची दहाची नोट जास्त द्यायची आणि सुटे परत घ्यायचे, एवढी युक्ती पुष्कळ व्यवहारांना पुरते.

अंध विद्यार्थ्यासाठी हीच वाट वेगळी असते. लांब पांढऱ्या काठीचे तंत्र दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी बसवले: जो पाय पुढे पडणार, त्याच्या विरुद्ध बाजूला काठीचे टोक टेकवायचे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. शहरातल्या फुटपाथवर हे तंत्र छान चालते. पावसाळ्यात बाभुळगाव परिसरातल्या काळ्या मातीच्या चिखलात काठीचे टोक रुतून बसते. प्रशिक्षण मोठ्या शहरातल्या संस्थेत झालेल्या मुलाला गावी आल्यावर ते पुन्हा शिकावे लागते. कर्णबधिर मुलाला वाट सापडते, पण गाडी दुसऱ्या फलाटावर लागल्याची घोषणा ऐकू येत नाही. त्याला मोबाईलवर दोन वाक्ये लिहून दाखवण्याची सवय हवी आणि ती वाक्ये वाहकाला कळतील इतके मराठी लिहिता यायला हवे.

आणि तो चुकला तर? चुकण्याचाही सराव करायचा. मुद्दाम एक थांबा पुढे उतरवायचे, मोबाईल बंद ठेवायचा, लांबून लक्ष ठेवायचे. मदत कोणाकडे मागायची ते ठरवून द्यायचे: खाकी गणवेशातला वाहक, चौकशी खिडकीतला माणूस, ओळखीचा दुकानदार. खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेला कागद. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये मांडले होते की दिव्यांग व्यक्तीला प्रत्येक धोक्यापासून वाचवताना आपण तिचा माणूस म्हणून असलेला मानही काढून घेतो. मुलींच्या बाबतीत पालकांना वाटणारी भीती खोटी नाही. पण जिला आपल्या अंगाला कोणी हात लावू नये, लावला तर ओरडायचे आणि घरी सांगायचे, हे शिकवलेले नाही, ती मुलगी घरातही सुरक्षित नसते.

शरीराची काळजी हा या तयारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि २०१६ च्या कायद्याने हा आजारही दिव्यांगत्वाच्या यादीत घेतला आहे. लहानपणी गोळ्यांची वेळ आई सांभाळते, डॉक्टरही आईशीच बोलतात. मग बालरोग विभाग सुटतो, मुलगा शिकायला यवतमाळ, अमरावतीला खोली करून राहतो आणि गोळ्या सुटतात. बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात गेल्यानंतरचा काळ सिकलसेलच्या तरुणांसाठी विशेष धोक्याचा असतो, हे अमेरिकेतील पाठपुराव्यात दिसले आहे. बारा-तेराव्या वर्षापासूनच मुलाने डॉक्टरांशी स्वतः बोलावे: आजाराचे नाव, औषधाचे नाव, ताप किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर ताबडतोब दवाखाना, भरपूर पाणी, थंडीपासून जपणे. मिरगीच्या गोळ्यांचेही असेच.

पाठीच्या कण्याच्या दुखापतीने किंवा जन्मजात दोषाने पायांची संवेदना गेलेल्या विद्यार्थ्याला तर शरीराच्या तक्रारी कळतच नाहीत. व्हीलचेअरवर एकाच जागी तासन्‌तास बसल्याने कातडीला जखम होते आणि ती दुखत नाही, म्हणून वाढते. दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलणे, रोज आरशाने पाठीमागची कातडी पाहणे, ठरलेल्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढणे, या गोष्टी स्वतः करता येतात की नाहीत, यावर तो वसतिगृहात राहू शकेल की नाही हे ठरते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुण वयातच व्हीलचेअर आली. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, तेव्हा शाळेइतकेच वसतिगृहही महत्त्वाचे मानले. उतार, रुंद दारे आणि वापरता येईल असे संडास असले की कालपर्यंत ‘परावलंबी’ म्हटले जाणारे मूल स्वतः आंघोळ करून वर्गात जाते. पुष्कळदा अडचण मुलापेक्षा बांधकामात असते.

मासिक पाळीबद्दल तर एक कटू आठवण महाराष्ट्राच्या गाठी आहे. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय गृहात राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढले गेले आणि त्यावरून राज्यभर वादळ उठले. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण पुढे केले गेले. वास्तविक पॅड बदलणे हेही फोड करून शिकवता येण्याजोगेच काम आहे: पाळी सुरू होण्याआधीपासून अंतर्वस्त्रात पॅड लावण्याचा सराव, रंग लावून ओळख, वापरलेला पॅड कागदात गुंडाळून टाकणे, कॅलेंडरवर खूण. वेळ लागतो. सगळ्याच जणींना सगळ्या पायऱ्या जमत नाहीत; जेवढ्या जमतील तेवढ्या तिच्या, बाकीच्या मदतनिसाच्या.

तयारी लांबवर गेली तर कुठे पोहोचते, याचे उदाहरण अमरावती विभागातलेच आहे. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध तान्ही मुलगी अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या बालगृहात आली. शंकरबाबा पापळकर तिथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माला पापळकर ब्रेल शिकली, अमरावतीत पदवीधर झाली, लेखनिकाच्या मदतीने परीक्षा देत राहिली. आधीच्या प्रयत्नांत अपयश आले. २०२४ मध्ये ती राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली आणि २०२५ मध्ये नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू झाली.

तिच्या यशाच्या बातम्या सगळीकडे आल्या. त्यामागची एक गोष्ट कमी बोलली गेली. बाल न्याय कायद्यानुसार बालगृहातील मुलाने १८ व्या वर्षी बाहेर पडायचे असते. पुढची काळजी २१ वर्षांपर्यंत, विशेष परिस्थितीत आणखी दोन वर्षे. शंकरबाबांनी दिव्यांग मुलांना हा नियम लावू नये, यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला आणि मुलांना घराबाहेर काढले नाही. मालाची निवड झाली तेव्हा तिने पंचविशी ओलांडली होती. अठराव्या वर्षी दार बंद झाले असते, तर तयारीची ही वर्षे तिला कुठून मिळाली असती? वझ्झरमधल्या प्रत्येक मुलाला नोकरी लागणार नाही, हे उघड आहे. काहींना जन्मभर आधार लागेल. पण ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायचा, हे तिथे घडले.

यवतमाळला लागूनच चंद्रपूर जिल्हा. तिथल्या वरोऱ्याचे आनंदवन बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू केले. पुढे अंध आणि कर्णबधिरांच्या शाळा आणि अपंगांच्या व्यवसाय प्रशिक्षणाचे संधीनिकेतन तिथेच उभे राहिले. शिकणे, कमावणे आणि राहणे एकाच आवारात असल्यामुळे शाळा संपल्यावरची पोकळी तिथे आली नाही. मात्र प्रत्येक तालुक्यात आनंदवन उभे राहणार नाही आणि प्रत्येकाला गाव सोडून आवारात राहायचेही नसते.

बाभुळगाव तालुक्यात काम म्हणजे मुख्यतः शेती: कापूस, सोयाबीन, तूर. पुष्कळ दिव्यांग तरुण घरच्या वावरात राबतातच. कापूस वेचतात, गुरांना पाणी दाखवतात, पोती शिवतात. फक्त त्याला कोणी काम म्हणत नाही आणि त्याची मजुरी त्यांच्या हातात पडत नाही. अमेरिकेतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली बाब अशी, की शाळेत असतानाच मजुरी मिळणारे खरे काम केलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना पुढे काम मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून शेजाऱ्याच्या वावरात, कृषी केंद्रात, गिरणीवर, चहाच्या टपरीवर आठवड्यातून दोन दिवस, रीतसर मजुरीवर. पैसे त्याच्या खात्यात आणि त्यातले थोडे त्याने मनाला येईल तसे उडवायचे. चुकीची खरेदी करून पस्तावणे हाही शिक्षणाचाच भाग आहे; धडधाकट मुले तो भाग पालकांच्या पैशाने यथेच्छ पूर्ण करतात.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर महागात पडते. लहान वयात मिळालेली दिव्यांग प्रमाणपत्रे पुष्कळदा मुदतीची असतात. वैश्विक ओळखपत्र, अर्थात यूडीआयडी, वेळेत अद्ययावत करून घ्यावे. मतदार यादीत नाव घालावे. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण सरसकट पालकत्व घेण्याआधी थांबावे. २०१६ च्या कायद्यातील १३ वे कलम दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क देते आणि १४ वे कलम मर्यादित पालकत्वाची वाट ठेवते: ठरावीक बाबीपुरते, ठरावीक काळापुरते, दोघांनी मिळून निर्णय. ज्या मुलाला शंभर रुपयांचा बाजार करता येतो, त्याच्याकडून लाखाच्या व्यवहारासोबत शंभराचाही हक्क काढून घेण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेकदा तो वस्तूंच्या वाटपात जातो. प्रवास, दुकान, स्वयंपाक शिकवायला गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला काही महिने मानधन देता येईल का, असे ग्रामसभेत विचारायला पालकांना कोणी अडवलेले नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कोणाला फुरसत नसते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण विदर्भाच्या उन्हात दुपारी स्थानकावर उभे करण्यात अर्थ नाही. त्यातल्या त्यात जानेवारी-फेब्रुवारी बरे. गर्दी ओसरल्यानंतरची सकाळची गाडी धरावी, यवतमाळला एकच काम ठेवावे, चपलेला टाके घालणे किंवा मोबाईलची काच बसवणे असे काहीतरी, ज्याची मुलाला स्वतःला गरज आहे. पहिल्या आठवड्यात आईने दोन्हीकडचा प्रवास सोबत करावा. फक्त परतल्यावर बाभुळगावच्या स्थानकावर तिने चहा घ्यायला थांबावे आणि त्याने पुढे घरी जाऊन दार उघडावे.